तुला बांगलादेश मिळालाय

प्रिय लेकी,

सप्रेम आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज वाचला. पुण्याच्या मॉडेल यूएनमध्ये, म्हणजे विद्यार्थी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन भरवतात त्या संयुक्त राष्ट्रांच्या नकली सभेत, तुझी निवड झाली, विषय नद्यांच्या पाणीवाटपाचा आणि तुझ्या वाट्याला आला बांगलादेश. खाली तू दोन प्रश्न टाकलेस. भारतीय असून आपल्याच देशासमोर दुसऱ्याची बाजू कशी मांडू? आणि आदल्या आठवड्यात एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, शिबिर आहे, तयारीसाठी ते सोडलं तर चालेल का? फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं, पण तसं दिलं तर तू फक्त होय-नाही ऐकशील. म्हणून हे पत्र.

आधी दुसरा प्रश्न. शिबिर सोडू नकोस. तुझी खरी तयारी त्या सात दिवसांतच होणार आहे.

आता बांगलादेश. तुझं गाव कृष्णाकाठचं. 2019 च्या महापुरात तू आठवीत होतीस, तुमच्या घरात छातीएवढं पाणी होतं, हे तूच मला सांगितलं होतंस. त्या आठवड्यात गावातला प्रत्येक माणूस दोन धरणांची नावं घेत होता. वरच्या कोयनेतून किती सोडतात आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टीतून किती सोडतात. ते आकडे दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होते आणि पाणी तुमच्या उंबऱ्यात. नदीच्या मधोमध राहणाऱ्याला वरच्याचं भय असतं, खालच्याशी भांडण असतं, आणि उन्हाळ्यात तोच स्वतः कुणाचा तरी वरचा होतो. विजापूर-बागलकोटच्या शेतकऱ्याला तुमच्याबद्दल काय वाटत असेल, याचा विचार तू आजवर केला नसशील. तो आता कर. बांगलादेश समजायला तुला ढाक्याला जावं लागणार नाही.

फरक्का बंधारा 1975 मध्ये सुरू झाला. कोलकाता बंदराकडे जाणाऱ्या हुगळीत गाळ साचत होता, तो वाहून जावा म्हणून गंगेचं पाणी तिकडे वळवायचं होतं. आपली गरज खरी होती. पण बंधाऱ्यापासून काही किलोमीटरवरच सीमा आहे आणि पलीकडे तीच गंगा पद्मा होते. तिथल्या शेतकऱ्याला मार्च-एप्रिलमध्ये उघडं पडलेलं वाळूचं पात्र दिसतं. त्याचीही गरज खरी. बरीच वर्षं तात्पुरते करार आणि ताणाताणी चालली. शेवटी 12 डिसेंबर 1996 ला नवी दिल्लीत देवेगौडा आणि शेख हसीना यांनी 30 वर्षांच्या करारावर सह्या केल्या. 2026 च्या डिसेंबरात त्याची मुदत भरते, म्हणजे तुझा विषय ऐन घडीचा आहे.

तो करार मूळातून वाच. लहानसाच आहे. 1 जानेवारी ते 31 मे या काळातलं पाणी दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने वाटलं आहे. फरक्क्याला 70,000 क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) किंवा त्याहून कमी पाणी असेल तर निम्मं-निम्मं. 70,000 ते 75,000 असेल तर बांगलादेशाला 35,000 आणि उरलेलं आपल्याला. 75,000 च्या वर गेलं तर आपल्याला 40,000 आणि उरलेलं त्यांना. सर्वांत टंचाईच्या दिवसांत, 11 मार्च ते 10 मे, दोन्ही देशांना आळीपाळीने दहा-दहा दिवस 35,000 क्युसेकची हमी. मला मात्र या वाटणीपेक्षा दुसरं एक कलम मोलाचं वाटतं. फरक्क्याला आणि पलीकडे हार्डिंज पुलापाशी रोजचा प्रवाह दोन्ही देशांच्या संयुक्त पथकांनी नोंदवायचा. भांडण कितीही असो, आकडा एकच.

या कलमाचं मोल मला पुस्तकात कळलं नाही. शिराळ्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीत आमचं शिबिर होतं, तिथे कळलं. त्याआधी तीन वर्षं मी शिबिरं घेत होते आणि खरं सांगायचं तर चुकीची घेत होते. एका वर्षी पोरांनी घाम गाळून सांडपाणी जिरवायला बावीस शोषखड्डे खणले. पुढच्या वर्षी जाऊन पाहिलं तर निम्मे बुजवलेले. बायका धुणी-भांडी कुठे करतात हे आम्ही विचारलंच नव्हतं. त्या चुकीची टोचणी अजून आहे, आणि तेव्हापासून पहिले दोन दिवस हातात फावडं घ्यायचं नाही, घरोघर जाऊन नुसतं ऐकायचं, हा नियम मी केला.

तर त्या वाडीत एक झरा, एक टाकी आणि दोन वस्त्या, वरली आणि खालली. वरलीवाले म्हणायचे, पाणीच कमी झालंय. खाललीवाले म्हणायचे, तुम्ही सगळं ओढून घेता. दोन वर्षं एकमेकांच्या लग्नाला गेले नव्हते. आम्ही जानेवारीत ऐकून आलो आणि एप्रिलमध्ये पाच जण पुन्हा गेलो. पंधरा लिटरची बादली आणि मनगटावरचं घड्याळ, एवढंच साहित्य. दोन्ही वस्त्यांतून दोन-दोन माणसं झऱ्यापाशी बोलावली. बादली वरल्या वस्तीच्या आजोबांनी धरली, घड्याळ खालल्या वस्तीच्या एका सुनेच्या हातात दिलं. बादली भरायला पन्नास सेकंद लागले. कुणाचा विश्वास बसेना, म्हणून माणसं बदलून पुन्हा भरली. तेच, पन्नास.

मग ओसरीवर बसून खडूने हिशेब मांडला. मिनिटाला अठरा लिटर, तासाला हजारावर, दिवसाला जवळपास सव्वीस हजार लिटर. टाकी मात्र पाच हजारांची. म्हणजे रिकामी टाकी पावणेपाच तासांत भरते आणि माणसं झोपल्यावर पाणी रात्रभर ओढ्याला जातं. बराच वेळ कुणी बोललं नाही. दोन वर्षं ज्यासाठी भांडले ते पाणी रोज पहाटेपर्यंत वाहून जात होतं. खालल्या वस्तीजवळ दुसरी टाकी बांधायची आणि ती रात्री भरून घ्यायची, असं ठरलं. पोरांनी पुढच्या शिबिरात तिचा पाया खणला.

लिहून घेताना पुन्हा अडलं. आमच्या एका मुलाने वहीत लिहिलं, "झऱ्याच्या पाण्यावर गावकऱ्यांचा समान हक्क राहील." ती घड्याळ धरणारी सून म्हणाली, "गावकरी म्हटलं की वरलेच धरतात, आमाला वस्तीवालेच म्हणत्यात." सगळे गप्प. मुलाने शब्द खोडला आणि लिहिलं, "दोन्ही वस्त्यांतल्या सगळ्या घरांचा." मग अंगठे उठले.

मला त्या क्षणी हंसा मेहता आठवल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा होत होता तेव्हा त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. पहिल्या कलमात सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र आणि समान, असा अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. त्यात बायका आपोआप आल्याच, असं समजावणारे तिथेही होते. हंसाबाईंनी ते मान्य केलं नाही. 10 डिसेंबर 1948 ला जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा तिथे "सर्व मानव" असा अर्थ देणारे शब्द होते. वाडीतल्या त्या सुनेने हंसाबाईंचं नावही ऐकलेलं नाही, पण दोघींनी काम एकच केलं. मसुद्यात आपण कुठे बसतो हे जिला शोधावं लागतं तिला शब्दाचं वजन लवकर कळतं. पुण्यात ठरावाचा मसुदा हातात आला की पहिल्यांदा हेच शोध, यातून कोण सुटलंय.

आणि आपल्या भागातलंच एक उदाहरण मनात ठेव. साताऱ्याकडच्या औंध संस्थानाचे राजपुत्र अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परतले. 1939 मध्ये औंध संस्थानाने गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार गावपंचायतींकडे सोपवणारी घटना स्वीकारली. त्या कामात अप्पासाहेब आघाडीवर होते, गावोगाव लोकांमध्ये बसत होते. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये त्यांना भारताचे कमिशनर म्हणून नैरोबीला पाठवण्यात आलं. तिथे इंग्रजांचं राज्य होतं आणि अप्पासाहेब आफ्रिकी पुढाऱ्यांशी बरोबरीच्या नात्याने मिसळत होते, तिथल्या मुलांना शिकायला भारतात पाठवायला मदत करत होते. वसाहतीच्या सरकारला ते रुचलं नाही. औंधच्या गावात राजपुत्र असून जमिनीवर बसलेल्या माणसाला नैरोबीत कुणाशेजारी बसायचं हे वेगळं शिकवावं लागलं नसणार, असं मला मनापासून वाटतं.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यात आलंच आहे, तरी स्पष्ट लिहिते. बांगलादेशाची बाजू मांडणं म्हणजे देशाशी बेइमानी नव्हे. समोरच्याला काय हवंय हे ज्याला नीट सांगता येतं तोच आपल्या देशासाठी टिकाऊ करार आणू शकतो. मात्र बाजू खोटी मांडू नकोस, बांगलादेशाला हास्यास्पद करून टाळ्या घेऊ नकोस. तिथे असे प्रतिनिधी भेटतील. प्लॅकार्ड उंचावून मोठ्याने बोलणाऱ्याला बेस्ट डेलिगेटचं बक्षीस मिळतानाही पाहशील. वाईट वाटून घेऊ नकोस. खरं काम मोकळ्या चर्चेच्या वेळात, अनमॉडरेटेड कॉकसमध्ये होतं, चार देशांची पोरं एका लॅपटॉपभोवती उभी राहून वाक्य जुळवतात तिथे. तू त्या घोळक्यात राहा. भारत आणि नेपाळ झालेल्या मुलांना आधी गाठ.

इंग्रजीची धास्ती तू मेसेजात लिहिली नाहीस, पण मला ठाऊक आहे. छोटी वाक्यं बोल. आकडा माहीत असलेल्या मुलीचं छोटं वाक्य लोक थांबून ऐकतात. अडलीस तर थांब, श्वास घे, पुन्हा बोल. प्रवेश फी जास्त आहे हे मला दिसलं. त्यावर मी प्राचार्यांशी बोलले आहे, कॉलेज निम्मी भरेल, उरलेलीची काळजी करू नकोस. पैशावाचून हुशार मुलं अशा सभागृहांच्या बाहेर राहतात, याचा मला मनस्वी राग येतो.

शिबिराला नुसती हजेरी लावायची म्हणून जाऊ नकोस. यंदाचं गाव ओढ्याकाठचं आहे, पाण्याचा काही ना काही तंटा निघेलच. पहिले दोन दिवस ऐक. मग बादली कुणाला धरायला द्यायची ते तू ठरव.

पोझिशन पेपरचा, म्हणजे तुझ्या देशाची भूमिका मांडणाऱ्या टिपणाचा, पहिला खर्डा रविवारी संध्याकाळपर्यंत पाठव. मराठीत लिहिलास तरी चालेल, इंग्रजी आपण दोघी बसून करू. येताना आईला सांग, मागच्या वेळच्या मेतकुटाचा डबा अजून माझ्याकडेच आहे, तो घेऊन जा.

तुझ्या
मॅडम