ट्रिप युनिटच्या डायलला हात लावण्याआधी

भाऊ, एसीबी (एअर सर्किट ब्रेकर, म्हणजे बिघाड झाला की वीज तोडणारा मोठा स्विच) ट्रिप झाला की लगेच त्याच्या ट्रिप युनिटची, म्हणजे कधी तोडायचं हे ठरवणाऱ्या भागाची, सेटिंग वाढवू नकोस. आधी डिस्प्लेवर कारण बघ: ओव्हरलोड, शॉर्ट सर्किट की अर्थ फॉल्ट (करंट जमिनीत गळणं).

1000 केव्हीए, 433 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा फुल लोड करंट साधारण 1333 अँपिअर. 1600 अँपिअरच्या ब्रेकरवर ओव्हरलोडचा डायल 1 वर, म्हणजे पूर्ण 1600 वर ठेवलास तर ट्रान्सफॉर्मर तापत राहील आणि ब्रेकर नुसता बघत बसेल. मी 0.8 ठेवतो, म्हणजे 1280.

खरी गंमत शॉर्ट टाइम डिलेमध्ये आहे, म्हणजे शॉर्ट सर्किट झाल्यावर ब्रेकर उडण्याआधी मुद्दाम थांबतो त्या वेळेत. मेन ब्रेकरला 0.3 सेकंद थांबू दे, म्हणजे खालच्या फीडरचा (एका भागाला वीज नेणाऱ्या लाइनचा) ब्रेकर आधी उडेल, अख्खा कारखाना अंधारात जाणार नाही. पण मेनचा इन्स्टंटेनियस (न थांबता लगेच ट्रिप करणारी सेटिंग) फार खाली ठेवलास तर हा डिले फुकट! आणि बदलण्याआधी जुन्या सेटिंगचा फोटो काढ, मी एकदा विसरलो होतो.