इलोइलोत तीन दिवस आहेत, गोवा बघून झालाय, मग तिथली कुठली चर्चेस बघावीत आणि डुक्कर सोडून काय खावं?

तुम्ही विचारलंय की फिलिपिन्सच्या इलोइलो प्रांतात तीन दिवस आहेत, गोव्यातली चर्चेस बघून झालीत, "शेवटी परक्यांनीच बांधलेली, सगळी सारखीच", तेव्हा त्यातली कुठली दोन बघितली की पुरे, आणि डुक्कर खात नसलो तर जेवणाचं काय. जेवणाचं खाली सांगतो. पण ते "परक्यांनीच बांधलेली" हे शब्द मी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या तोंडून गेली कित्येक वर्षं ऐकतोय, त्यामुळे आधी त्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

मी वसईचा. आमच्या घरात चर्चला देऊळच म्हणतात, आजी तर शेवटपर्यंत "देवळात जाऊन येते" असंच म्हणायची. जहाजावर इंजिनमध्ये नोकरी केली, आणि जहाजावर फिलिपिनो क्रू असला की त्यात इलोइलोचा एकतरी माणूस निघतोच. आमचा फिटर तिथल्या मियागावचा. माझ्यापेक्षा बराच मोठा, सगळे त्याला मानोंग म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे दादा म्हणतात तसं. नाइट वॉचला चहा पिताना त्यानं एकदा सांगितलं की आमच्या गावच्या चर्चवर माड कोरलाय, शेजारी पपई आणि पेरू पण आहे. मला खरं वाटेना. मी लहानपणापासून वेदीवर द्राक्षाचे वेल आणि गव्हाच्या लोंब्याच बघितलेल्या, आणि वसईत ना द्राक्षं होतात ना गहू. तो म्हणाला, ये आणि बघ.

2019 ला मनिलाला साइन ऑफ झालो, म्हणजे जहाजावरची पाळी संपून उतरलो, तेव्हा घरचं तिकीट चार दिवस पुढं ढकललं आणि गेलो. इलोइलो सिटीपासून मियागाव साधारण चाळीस किलोमीटर, किनाऱ्याकिनाऱ्यानं जीपनी, म्हणजे तिथली शेअर जीप, जाते. पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती म्हणून चर्च नीट बघितलं ते दुसऱ्या दिवशी सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटल्यावर, आणि ते बरंच झालं, कारण तो पिवळट मातकट दगड कोवळ्या उन्हात गुळाच्या ढेपेसारखा दिसतो. समोरच्या भिंतीवर वर त्रिकोणी भाग आहे, त्याच्या मधोमध मोठ्ठा माड, झावळ्या, नारळ सगळं स्पष्ट. माडाला धरून संत क्रिस्तोफर उभा. तुम्हाला गोष्ट माहीत असेल, बाळ येशूला पाठीवर घेऊन नदी पार करणारा धिप्पाड माणूस. बाकी सगळीकडे त्याच्या हातात काठी असते, इथं त्यानं माडच धरलाय. आणि विजार वर गुंडाळलेली, आपल्याकडे लावणीला उतरताना गुंडाळतात तशी. मी खाली उभा राहून मान दुखेपर्यंत बघत होतो.

मानोंग शेजारी उभा राहून सांगत होता. 1787 ला काम सुरू, 1797 ला पूर्ण. स्पॅनिश ऑगस्टिनियन पंथाचे पाद्री देखरेखीला, पण दगड वाहणारे आणि रचणारे सगळे गावातलेच, तेही वेठीवर. आधीची चर्चेस समुद्रावरून येणाऱ्या लुटारूंच्या धाडींत गेली होती म्हणून हे उंचावर बांधलं, भिंती दीड मीटर जाड, मनोऱ्यांतून समुद्रावर पहारा. दोन्ही मनोरे सारखे नाहीत, एक उंच, दुसरा ठेंगणा. 1898 च्या धामधुमीत जळालं, 1910 ला पुन्हा आग, मग महायुद्ध, मग 1948 चा मोठा भूकंप, ज्यात इलोइलो ज्या पनाय बेटावर आहे तिथली कितीतरी चर्चेस कोसळली. दरवेळी गावानं पुन्हा उभं केलं. 1993 पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे, फिलिपिन्समधली अशी चार बरोक चर्चेस एकत्र घेतली त्यातलं एक. मानोंगला मात्र युनेस्कोपेक्षा पेरूच्या झाडाचं जास्त कौतुक. तो म्हणाला, पाद्र्यानं कागदावर काय काढून दिलं असेल ते असेल, छिन्नी आमच्या माणसाच्या हातात होती ना, मग त्यानं जे परसात बघितलं ते कोरलं.

हे ऐकून मला तिथल्या तिथं घरची मीटिंग आठवली. आमच्या गावातलं छोटं देऊळ वाढवायचं होतं, गर्दी मावत नव्हती, त्याला माझा विरोध नव्हता. पण दाराची जुनी दगडी चौकट काढून ग्रॅनाइट बसवायचं ठरलं. दादा कमिटीत होता. मी म्हटलं चौकट ठेवा, भिंत पाहिजे तर मागं सरकवा. भर मीटिंगमध्ये दादा म्हणाला, "पोर्तुगीजांचा दगड तो, आपलं काय आहे त्यात?" आणि विषय संपला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्या दिवशी गप्प बसलो कारण तो मोठा आणि चारचौघात उलट बोलायचं नाही ही घरची शिकवण. आज लिहितो. पोर्तुगीज 1739 ला गेले, चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हाच. त्यानंतर आमची देवळं कोणी सांभाळली? कौलं कोणी शाकारली, चुना कोणी लावला, सणाला पैसे कोणी काढले? आणि त्याआधी तरी पोर्तुगालहून गवंडी आले होते का खाडीतून दगड वाहायला? राज्य परक्यांचं होतं, वेठ आपल्या लोकांची होती, त्यामुळे तो दगड आपलाच, किंमत आपण मोजलीय त्याची.

असो. दुपारी मानोंगच्या घरी जेवलो. मी आगाशीची सुकेळी नेली होती, त्याच्या आईनं त्यातली दोन तिथंच खाल्ली आणि बाकीची नातवंडांपासून लपवून ठेवली. जेवायला होतं केबीएल, म्हणजे कादयोस, बाबोय, लांगका. कादयोस म्हणजे तूर! काळपट जांभळ्या दाण्यांची, त्यामुळे रस्सा पण करडा जांभळा होतो. लांगका म्हणजे कच्चा फणस. बाबोय म्हणजे डुक्कर, ते तुम्ही सोडा. आणि आंबटपणाला चिंच नाही, बातुआन नावाचं हिरवं गोल फळ. त्याच्या आईनं मला एक कच्चं कापून दिलं, जिभेवर ठेवलं आणि मी म्हटलं हे तर आपलं कोकम! नंतर कळलं की खरंच रातांब्याच्याच कुळातलं झाड आहे. तूर, फणस, आमसुलासारखी आंबट चव, वर माडांची सावली. त्या भांड्यात मला काहीही परकं लागलं नाही. म्हातारी सारखी विचारायची, "नामित?" म्हणजे चवदार आहे का. मी तीनदा भात घेतला.

तिला मी आमच्या गोन्सालो गार्सियाची गोष्ट सांगितली. वसईत जन्मलेला, मनिलात फ्रान्सिस्कन पंथाचा धर्मबंधू झाला, तिथून जपानला गेला आणि 1597 ला नागासाकीत क्रूसावर मारला गेला, भारतात जन्मलेला पहिला संत. तिला गोन्सालो माहीत नव्हता पण त्याच्याबरोबर मेलेला पेद्रो बाउतिस्ता माहीत होता. मग तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली म्हणजे तू शेजारचाच.

आता तुमचं. दोन चर्चेस पुरे का, तर नाहीत, पण दिवसाला सात पण करू नका, टूरवाले तसं करतात आणि परत आल्यावर कुठला फोटो कुठला ते कोणाला सांगता येत नाही. एक अख्खा दिवस दक्षिण किनाऱ्याला द्या. वाटेत तिगबावान, मग गिंबाल, जिथं चर्च तर आहेच पण किनाऱ्यावर जुने टेहळणीचे बुरूज पण आहेत, मग मियागाव, आणि पुढं सान होआकिन. सान होआकिनला दादाची बाजू खरी ठरते हे मी कबूल करतो. तिथं समोरच्या भिंतीवर 1860 ची मोरोक्कोतली तेतुआनची लढाई कोरलीय, घोडे, सैनिक, स्पेनचा विजय. त्या गावाचा तेतुआनशी काय संबंध? काम बारीक आहे, पण मला तिथं काही वाटलं नाही. म्हणूनच मियागावनंतर लगेच ते बघा, फरक आपोआप दिसेल.

दुसरा दिवस शहरात. मोलोचं चर्च, आत दोन्ही बाजूच्या खांबांवर सोळा संतांच्या मूर्ती आणि सगळ्या बायका. खारोच्या कॅथेड्रलचं घंटाघर रस्त्याच्या पलीकडे वेगळं उभं आहे, आणि 2 फेब्रुवारीला तिथं कांदेलारिया मातेचा सण असतो, त्या दिवसांत जात असाल तर हॉटेल आधीच धरा. तिसऱ्या दिवशी पाविया आणि काबातुआन, दोन्ही लाल विटांची. पावियाचं आतून पण गिलावा न केलेलं, विटा उघड्या. मला ते मियागावनंतर सगळ्यात आवडलं, कोणी प्लास्टर मारून चकाचक केलं नाही याचाच आनंद झाला.

खाण्याचं म्हणाल तर शहरातल्या ला पाझ भागातला बाचोय सगळे सांगतील, पण नूडल्सच्या त्या सूपमध्ये डुकराची काळीजकलेजी आणि वरून चुरलेली तळलेली कातडी असते, म्हणजे तुमच्या कामाचा नाही. पान्सित मोलो म्हणजे सारण भरलेल्या डम्पलिंगचं सूप, त्या सारणात पण बहुतेक डुक्करच. तुम्ही काबातुआनला तिनुओम खा, गावठी कोंबडी केळीच्या पानात बांधून शिजवतात, पान सोडलं की जो वास येतो त्यासाठी गेलं तरी चालेल. बिनाकोल मागा, शहाळ्याच्या पाण्यातली कोंबडी. मासे, कालवं मुबलक आणि ताजी. भाजीसाठी लास्वा, त्यात भोपळा, भेंडी, दोडका आणि चक्क मायाळू असतो. गोड म्हणजे इबोस, माडाच्या पानात शिजवलेला चिकट भात, तो गिमारासच्या आंब्याबरोबर. गिमारास बेट समोरच आहे, बोटीनं थोडा वेळ. आंबा चांगला आहे, हापूसशी तुलना करत बसू नका, तो वेगळा आहे. पावियाला गेलात की बाये-बाये घ्या, खोबरं आणि भाजलेला तांदूळ कुटून केलेलं. शेंगदाण्याची चिक्की पण मिळते, तिला बांदी म्हणतात.

हे आधी सांगायला हवं होतं, लास्वात बऱ्याचदा कोळंबी टाकतात किंवा आंबवलेल्या माशांची गिनामोस असते. पूर्ण शाकाहारी कोणी बरोबर असेल तर ऑर्डर देताना दोनदा विचारा, नुसतं मांस नको म्हणून भागत नाही. तिथं मासा वेगळा धरतात. मिस्सा किंवा लग्न चालू असेल तर कॅमेरा खाली ठेवा, आणि रविवारी सकाळी फक्त फोटोसाठी जाऊ नका. भाविक नसलात तरी मागच्या बाकावर दहा मिनिटं बसा, कोणी काही म्हणत नाही.

परत आल्यावर मी दादाला फोटो दाखवला, माड, पपई, पेरू, गुंडाळलेली विजार. त्यानं मोबाइल बराच वेळ हातात धरला आणि म्हणाला, "ते त्यांचं झालं." त्यानंतर आम्ही या विषयावर बोललो नाही. आमच्या चौकटीचे दगड मी ट्रॅक्टर लावून वाडीत आणून ठेवलेत, विहिरीजवळ, सात आहेत. पावसाळ्यानंतर शेवाळ घासून काढलं तेव्हा एकावर कडेला कोरीव पान दिसलं. द्राक्षाचं नाही. लांबट आहे, मधे जाड शीर, काठ फाटल्यासारखे. मला ते केळीचं वाटतं. दादा, तू हे वाचणार हे मला माहीत आहे, एकदा येऊन बघून जा.