कपात वडिलांच्या पगारात, तडजोड मुलीच्या शिक्षणात नको

डोंबिवलीच्या एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांचे वय ४७. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात दागिने निर्यात करणाऱ्या एका कंपनीच्या लेखा विभागात ते ११ वर्षे नोकरीला आहेत; पत्नी घर सांभाळते आणि एकुलती एक मुलगी बारावी सायन्सला आहे. अमेरिकेच्या ऑर्डरी रोडावल्यामुळे ऑक्टोबरपासून त्यांचा एकूण पगार ७२ हजारांवरून ५४ हजारांवर आला आहे आणि ‘हे तात्पुरते आहे’ एवढेच त्यांना तोंडी सांगण्यात आले आहे. विभागातल्या दोघांकडून राजीनामे लिहून घेण्यात आले. घराचा हप्ता २१ हजारांचा आहे. आपणच राजीनामा देऊन मोकळे व्हावे का, आणि मुलीला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगऐवजी बी.कॉम.ला घालावे का, म्हणजे ती लवकर कमावती होईल, असे ते विचारतात. मुलीला यातले काहीच सांगितलेले नाही.

सप्रेम नमस्कार,

तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण त्यात चूक झाली तर ती दुरुस्त करायला फार वर्षे लागतात. बी.कॉम. हा कमी दर्जाचा अभ्यासक्रम मुळीच नाही आणि तुमच्या मुलीला हिशेबाची आवड असती, तर मी आनंदाने होकार दिला असता. पण तिला हवे आहे संगणकाचे शिक्षण, आणि ते बदलण्याचे एकमेव कारण तुमची ऑक्टोबरपासूनची पगाराची पावती आहे. अभियांत्रिकी चार वर्षांची असते. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली, तेव्हा २००९ साली पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या अनेक मुलांच्या रुजू होण्याच्या तारखा महिनोन्‌महिने पुढे ढकलल्या गेल्या. परंतु त्याच २००८ साली प्रवेश घेतलेली मुले २०१२ मध्ये बाहेर पडली, तेव्हा बाजाराचे चित्र वेगळे होते. आजची मंदी पाहून चार वर्षांनंतरच्या नोकरीचा अंदाज बांधता येत नाही.

शिवाय ज्या कपातीमुळे तुम्ही घाबरला आहात, तिचा प्रवेशाच्या वेळी उपयोगच होण्याची शक्यता आहे. एप्रिल ते सप्टेंबर ७२ हजार आणि ऑक्टोबर ते मार्च ५४ हजार, असे धरले तर तुमचे वर्षाचे उत्पन्न ७ लाख ५६ हजार रुपये होते; कपात झाली नसती तर ते ८ लाख ६४ हजार झाले असते. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्क सवलतीसाठी राज्य शासनाची मर्यादा ८ लाखांची आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची पूर्ण सवलत मिळते; खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. तुमचा प्रवर्ग पत्रात लिहिलेला नाही, तरी मार्च संपताच तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढायला घ्या, कारण ऐन प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रांवर फार गर्दी असते.

आता तुमच्या नोकरीविषयी. दुसरी नोकरी हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका आणि कोणी कागद पुढे केला, तर त्याच दिवशी सही करू नका. व्यवस्थापकीय पदावर नसलेल्या आणि सलग वर्षभर सेवा झालेल्या कामगाराला कपातीत काढताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून देणे कायद्याने बंधनकारक आहे. स्वतःहून राजीनामा दिला, असे कागदावर आले की ही भरपाई मागण्याचा आधारच जातो. तुमचे नेमके काम या व्याख्येत बसते का, हे एखाद्या कामगार वकिलाला नेमणूकपत्र दाखवून विचारून घ्या.

त्याहून तातडीची एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. कपात नेमकी कशात झाली आहे, भत्त्यांत की मूळ वेतनात? ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी रक्कम, मुख्यतः शेवटच्या मूळ वेतनावर आणि महागाई भत्त्यावर मोजतात आणि तो आकडा मागच्या सर्व वर्षांना लागतो. समजा, तुमचे मूळ वेतन ३६,४०० रुपये आहे. त्याला २६ ने भागून १५ ने गुणले की वर्षाला २१,००० आणि ११ वर्षांचे २ लाख ३१ हजार रुपये होतात. तेच मूळ वेतन पाव हिश्श्याने कापून २७,३०० केले, तर हाती १ लाख ७३ हजार २५० रुपये येतील. म्हणजे चांगल्या दिवसांत केलेल्या नोकरीचेही ५७,७५० रुपये गेले. म्हणून कंपनीला नम्रपणे, पण लेखी विनंती करा की कपात भत्त्यांतून करावी, तिची मुदत कळवावी आणि कपातीआधीच्या पगाराचा उल्लेख असलेले पत्र द्यावे. हे पत्र नव्या नोकरीच्या वेळीही लागेल. तिथे शेवटच्या तीन महिन्यांच्या पावत्या मागतात आणि ५४ हजारांवरूनच बोलणी सुरू होतात.

नोकरी शोधताना स्वतःला नुसते ‘अकाउंटंट’ म्हणवून घेऊ नका. शिपिंग बिले, जीएसटीचा परतावा, परदेशी रकमेची बँकेतली वसुली, हे तुम्ही ११ वर्षे करत आला आहात. औषधे, मसाले, यंत्रांचे सुटे भाग निर्यात करणाऱ्यांना आणि कस्टम्स एजंटांच्या कार्यालयांना हेच काम येणारा माणूस हवा असतो. दागिन्यांची मंदी ही या सगळ्यांची मंदी नसते.

घरखर्चाबाबत थोडक्यात लिहितो. हप्ता चुकण्याआधीच बँकेत जाऊन कर्जाची मुदत वाढवून मिळते का, ते पाहा. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती आधी फेडा, कारण तिच्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढते. आणि कुटुंबाचा स्वतःचा आरोग्य विमा आत्ताच घ्या. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो आणि नव्या विम्यात आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो.

राहिला मुलीपासून लपवण्याचा प्रश्न. इथे मी सल्लागार म्हणून नव्हे, तर लालबागच्या चाळीत वाढलेला मुलगा म्हणून लिहितो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, तेव्हा माझे वडील गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे विणकाम विभागात होते. मंदी आणि संप यांची तुलना होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण घरातली शांतता तीच होती. अडीच लाख कामगारांच्या घरांत तेव्हा काय शिजत होते, हे सगळ्या गिरणगावाला दिसत होते, तरी आमच्या घरी वडील ‘मिटेल लवकरच’ एवढेच म्हणत. आईने खानावळ चालवून किती पैसे उभे केले, भावाच्या कॉलेजला किती लागतील, हा हिशेब कोणी मोठ्याने केलाच नाही. अकरावीतल्या माझ्या भावाने तो मनाशीच केला आणि वर्षभरासाठी म्हणून काळबादेवीच्या एका कापड दुकानात कामाला लागला. तो पुन्हा कॉलेजात गेला नाही. पुढे किती तरी वर्षांनी आईने सांगितले की त्या वर्षीची फी तिने डब्यात बाजूला काढून ठेवली होती.

तुमच्या मुलीलाही काहीतरी कळलेच असेल. बारावीतली मुले घरातले आवाज ओळखतात. म्हणून या रविवारी तिला शेजारी बसवून ५४ हजार, २१ हजार आणि ७ लाख ५६ हजार हे तिन्ही आकडे कागदावर लिहून दाखवा, आणि तिची सीईटी, म्हणजे अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा, ठरल्याप्रमाणेच होणार आहे, हे त्याच वेळी सांगा.

पुढच्या पत्रासोबत सप्टेंबरची आणि ऑक्टोबरची, अशा दोन्ही पगारपावत्यांच्या प्रती पाठवा. मूळ वेतनाला हात लागला आहे की नाही, ते पाहून कंपनीला द्यायच्या अर्जाचा मसुदा मी तुम्हाला करून देईन.