दूरच्या वंशावळ संस्थेचं सभासदत्व घ्यावं का, की पैसे वाया जातील?

घ्या, पण पूर्वज त्या भागात दोन-तीन पिढ्या तरी नांदले असतील तरच. अशा संस्थांचं खरं धन म्हणजे स्वयंसेवकांनी हाताने उतरवलेल्या नोंदी: आता झिजून गेलेल्या थडग्यांवरचा मजकूर, जुन्या वर्तमानपत्रांतल्या निधनवार्तांची सूची, संस्थेच्या नियतकालिकाचे मागचे अंक. यातलं बरंच ऑनलाइन सापडत नाही किंवा फक्त सभासदांनाच दिसतं. तिथलं कुणी तुमच्यासाठी दफ्तर चाळायला तयार झालं, तर वर्गणी तिथेच वसूल! मात्र आधी फॅमिलीसर्च हे पूर्वजांच्या नोंदी शोधायचं संकेतस्थळ धुंडाळा, ते मोफत आहे. त्यांच्या चोवीस लाख मायक्रोफिल्मच्या रिळांचं डिजिटायझेशन २०२१मध्ये पूर्ण झालं. आणि एकच नोंद हवी असेल तर सभासद कशाला व्हायचं? बऱ्याच संस्था बाहेरच्यांनाही शुल्क घेऊन ती शोधून देतात.