धूर की वाफ?

प्रश्न : ताई, मी दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलरवर काम करतो. भारतीय तत्त्वज्ञान वाचायची फार इच्छा आहे. पण मित्रांनी दिलेल्या दोन्ही पुस्तकांत ‘ऋषींना हे आधीच ठाऊक होतं’ यापलीकडे काही नाही. माझ्यासारख्यानं काय वाचावं?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : भाऊ, ती दोन्ही पुस्तकं बाजूला ठेवा आणि अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ घ्या. सतराव्या शतकातलं, नवशिक्यांसाठीच लिहिलेलं छोटंसं पुस्तक आहे. मी शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि हे हाती पडलं निवृत्तीनंतर. त्याची रुखरुख अजून आहे.

डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे आग आहे, जसं स्वयंपाकघरात. हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. आता उलटं म्हणा, जिथे आग तिथे धूर. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा तर्कशास्त्री, लगेच अडवतो : लोखंडाचा गोळा लाल तापलाय, धूर कुठाय? धुराला ओलं जळण लागतं. इथे मला आईची चूल आठवली. अवकाळीत भिजलेल्या पऱ्हाट्या घातल्या की घरभर धूर, आई डोळे पुसत भाकरी थापायची. त्याच पऱ्हाट्या चार दिवस उन्हात पडल्या की लख्ख जाळ. ही जी लपलेली अट, तिला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात.

अन्नंभट्टाच्या कितीतरी आधी, बौद्ध तार्किक धर्मकीर्तीनं आणखी एक खोच काढली होती. दिसतोय तो धूर की वाफ, हेच नक्की नसेल तर त्यावरून आग सिद्ध होत नाही. तुमच्या कूलिंग टॉवरवरचा पांढरा लोट बघून ‘केवढा धूर!’ म्हणणारे पाहुणे तुम्हाला भेटले असतीलच.

दुसरं पुस्तक धर्मानंद कोसंबींचं ‘भगवान बुद्ध’, मूळ मराठीतलंच. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडतो, ही गोष्ट ते पाली ग्रंथांशी ताडून बघतात आणि नाकारतात. त्यांच्या मते कारण वेगळं : शाक्य आणि कोलियांमधलं रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण. पाटाच्या पाण्यावरून भाऊ भाऊ कोर्टात गेलेले आपण पाहिलेत, त्यामुळे ती पानं भराभरा उलटता येत नाहीत.

उपनिषदांची घाई नको. ती यानंतर.

अमळनेरला आलात तर प्रताप शेठजींनी १९१६ साली स्थापलेलं तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था, दाखवीन. येताना तर्कसंग्रहातला अनुमानाचा भाग तेवढा वाचून या. मला तुमच्या बॉयलरवरची उदाहरणं हवी आहेत.