फ्रान्समधल्या बर्गंडीत सामान लादलेल्या सायकलसाठी गाड्यांची वर्दळ नसलेला, फार चढ नसलेला मार्ग कोणता?

जिव्री ते क्लुनी हा ४४ किलोमीटरचा 'व्हॉआ व्हेर्त' (म्हणजे 'हिरवी वाट', वाहनमुक्त मार्ग) घ्या, डोळे झाकून. ही जुनी रेल्वेलाइन आहे. रूळ काढून १९९७ मध्ये तिथे डांबरी वाट केली. आगगाडीला उभा चढ झेपत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना टेकड्या असूनही तुमची वाट जेमतेम चढते. चाकांच्या बाजूला भरलेल्या पॅनियर बॅगा असल्या तरी दम लागत नाही. ब्यूसीपर्यंत द्राक्षबागा अगदी जवळ दिसतात, पुढे कुरणं आणि झाडी जास्त. गाड्या भेटतात त्या फक्त वाट रस्ता ओलांडते तिथे.

क्लुनीच्या पुढे माकोंच्या दिशेला ब्वा क्लेरचा जुना रेल्वे बोगदा लागतो, सुमारे १.६ किलोमीटरचा. आत दिवे आहेत, पण ऐन उन्हाळ्यातही गारठा असतो. जॅकेट वरच ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. हिवाळ्यात वटवाघळांसाठी तो बंद ठेवतात. मग वरच्या खिंडीतून जावं लागतं आणि तिथे मात्र घाम निघतो.

वाइनसाठी नामांकित द्राक्षबागांमधूनच जायचं असेल तर बोन ते सांतने करा. पोमार, मर्सो ही गावं वाटेतच लागतात. फक्त ती वाट पूर्ण वाहनमुक्त नाही: बागायतदारांचे ट्रॅक्टर तिथूनच जातात, द्राक्षतोडणीच्या दिवसांत तर सारखे, शिवाय मध्ये छोटे चढउतारही आहेत. मुलं बरोबर असतील तर जिव्रीचीच वाट बरी.