विलीज जीपचा पुढचा हब तापतो, बेअरिंग बदलू का?

प्रश्न थोडक्यात असा: १९४४ची विलीज एमबी (दुसऱ्या महायुद्धातली लष्करी जीप), ताशी ४०च्या पुढे डाव्या पुढच्या चाकातून घुमल्यासारखा आवाज येतो, हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावला की चटका बसतो, आणि गॅरेजवाला म्हणतो बेअरिंग गेलं.

लगेच बदलू नका.

आधी उष्णता कुठली ते बघा. शक्यतो ब्रेक न लावता आठ-दहा किलोमीटर चालवा. ड्रमचा काठ मधल्या भागापेक्षा जास्त तापला असेल तर ब्रेक घासतोय, बेअरिंगचा दोष नाही. मग जॅक लावा आणि चाक वर-खाली धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर हबचा, राहिला तर किंगपिनचा (चाक ज्या खिळीवर वळतं तिचा). आडवं धरल्यावरच हलत असेल तर टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं जोडणारा स्टिअरिंगचा दांडा) बघा. घुमण्याचं म्हणाल, तर खडबडीत नक्षीचे लष्करी टायर नुसतेच घुमतात. पुढचे मागे टाकून बघा.

आता खरं दुखणं. माझ्यापुढे आलेल्या एका हबमध्ये वर्षभरात दोनदा बेअरिंग बदललं होतं. दोन्ही वेळा नवं, अस्सल, कोन (रोलर असलेला आतला भाग) १८५९० आणि कप (बाहेरचं कडं) १८५२०. आतल्या-बाहेरच्या दोन्ही जागी हेच लागतं. तरी उघडल्यावर कोन निळा पडलेला, ग्रीस डांबरासारखं. कारण स्पिंडलच्या (चाक ज्यावर फिरतं त्या खुंटीच्या) नटावर दिसत होतं: सगळे कोपरे छन्नीने चेपलेले. हा नट २ १/१६ इंचाचा, म्हणजे साधारण ५२ मिमीचा. त्याचा खोल पाना नसला की लोक छन्नी-हातोडी घेतात. छन्नीने किती आवळलं ते हाताला कळत नाही. जास्त आवळलं की रोलरचं जाड टोक कोनच्या कडेवर दाबून घासतं, मधला ग्रीसचा थर तुटतो, की बेअरिंग जळालंच. ‘चाक जरासुद्धा हलता कामा नये’ हा आपल्याकडच्या मिस्त्रींचा हट्ट मला कधी पटला नाही.

नट असा बसवा. एका हाताने चाक फिरवत आतला नट आवळा, चाक जड व्हायला लागलं की थांबा. मग नट साधारण १/६ फेरा मागे घ्या. नटाला सहा बाजू आहेत, म्हणजे एका बाजूच्या जागी शेजारची बाजू येईपर्यंत. चाक मोकळं फिरत नसेल तर आणखी थोडा. लॉक वॉशर, बाहेरचा नट, आणि वॉशरची कड नटावर मोडा. पण मोडण्याआधी चाक पुन्हा फिरवून बघा! बाहेरचा नट आवळताना आट्यांतली फट दाबली जाते आणि आतलं माप घट्ट होतं. हे पुन्हा बघणंच सगळे विसरतात.

ग्रीस रोलरच्या बारीक बाजूने बाहेर येईपर्यंत तळहातावर दाबून भरा. हबची पोकळी ठासून भरू नका. जादा ग्रीस तापून सील ओलांडतं आणि ब्रेकच्या लायनिंगवर जातं. जुनं ग्रीस पूर्ण धुवा, त्यावर नवं चढवू नका. आत पातळ तेल सापडलं आणि गिअर ऑइलचा उग्र वास आला, तर ते डिफरन्शिअलचं (एक्सलच्या मधल्या गिअरपेटीचं) आहे. नकलच्या (पुढचं चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) आतलं एक्सल सील बदलल्याशिवाय हबचं सील बदलून उपयोग नाही.

कप काढताना पितळी सळईने आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ठोका. नवा बसताना आवाज बोदा येतो, तळाला टेकला की खणखणीत. जुना कप आणि नवा कोन ही जोडी लावू नका. कपवर रोलरच्या अंतराने गंजाच्या रेघा दिसल्या, तर गाडी बराच काळ एका जागी उभी असेल.

आणि हो, स्पिंडलवर नखाला खाच लागत असेल तर वरचं सगळं व्यर्थ, कोन तिथे गरगरणारच. तेव्हा मात्र स्पिंडल बदला. डावं चाक धरणारे नट मूळचे असतील तर आटे उलटे असतात, सोडायला जाऊन उलट आवळत स्टड मोडू नका.